रविवारी जिंका, सोमवारी विका? स्टॉक कारच्या शर्यतींनी रस्त्यावर काय आणलं

आजचा एपिसोड गाड्यांचा आहे. पण टॉर्क आणि हॉर्सपॉवर कळत नसलं तरी काही बिघडत नाही, गोष्ट समजेल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे कापलेत.

पिक्सारचा ‘कार्स’ पाहिलाय ना? २००६ सालचा. लाल रंगाचा, आगाऊ लायटनिंग मॅक्वीन सगळ्यांना आठवतो. पण त्यातला तो खडूस म्हातारा डॉक हडसन आठवतो का? आणि मागे भलामोठा पंख लावलेला निळा ‘द किंग’? मॅक्वीन काल्पनिक आहे, पण हे दोघं खऱ्या गाड्या आहेत. डॉक म्हणजे १९५१ची हडसन हॉर्नेट. किंग म्हणजे १९७०ची प्लिमथ सुपरबर्ड, आणि त्याला आवाज दिलाय रिचर्ड पेटी यांनी, जे खरोखर ती गाडी शर्यतीत चालवायचे. या दोन्ही गाड्या एकेकाळी शोरूममध्ये जाऊन कोणीही विकत घेऊ शकत होतं.

अमेरिकेत या सगळ्या काळाबद्दल एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: रविवारी जिंका, सोमवारी विका. रविवारी तुमची गाडी शर्यत जिंकली की सोमवारी शोरूमबाहेर रांग. यूट्यूबवर या विषयाचा कुठलाही व्हिडिओ लावा, पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. मला ते अर्धवट वाटतं. का, ते आज सांगतो.

‘स्टॉक’ म्हणजे काय?

शेअर बाजाराशी काही संबंध नाही. आपण ‘स्टॉक अँड्रॉइड’ म्हणतो ना, म्हणजे कंपनीने वरून काही लादलेलं नाही, जसं बनवलं तसंच आलं? अगदी तोच अर्थ. स्टॉक कार म्हणजे कारखान्यातून निघाली तशी गाडी. फॉर्म्युला वनची गाडी फक्त शर्यतीसाठी जन्माला येते. स्टॉक कारच्या खेळाचं वचन वेगळं होतं: जी गाडी ट्रॅकवर पळते तीच तुमच्या दारात उभी राहू शकते.

आता यातली गंमत बघा. ज्या लोकांनी हा खेळ सुरू केला, त्यांच्या गाड्या बाहेरून स्टॉक आणि आतून काही भलत्याच होत्या. आणि त्याला कारण होती हातभट्टी.

अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठली तरी नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यांच्या डोंगराळ भागात हातभट्टी चालूच राहिली, कारण सरकारी कर चुकवला की पैसा सुटायचा. माल रात्री गावाकडून शहरात पोचवायचा. मागे महसूल खात्याचे लोक. मग काय करायचं? फोर्डने १९३२मध्ये परवडणाऱ्या किमतीत व्ही-८ इंजिन आणलं होतं. ती गाडी घ्यायची, इंजिन फुगवायचं, आणि मागच्या चाकांवरचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, जास्तीचे घालून कडक करायचे. कशासाठी? डिकीत दारूचे कॅन भरल्यावर गाडीचं बूड खाली बसलं तर रस्त्यावरचा कुठलाही पोलीस ओळखणार. पाटे कडक असले की भरलेली गाडीसुद्धा साळसूद दिसते.

ही पोरं रात्री माल पोचवायची आणि सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानात एकमेकांशी पैज लावायची. त्यातलाच एक ज्युनिअर जॉन्सन. रस्त्यावर तो कधीच सापडला नाही. १९५६मध्ये पकडला गेला तो वडिलांच्या भट्टीवर, पायी. ११ महिने तुरुंगात काढले, बाहेर आला आणि पुढे ५० मोठ्या शर्यती जिंकला. १९८६मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. हे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

पहिलीच शर्यत, पहिलीच पळवाट

फ्लोरिडातल्या डेटोना बीच या गावात बिल फ्रान्स नावाचा मेकॅनिक राहायचा. तिथे समुद्राच्या वाळूवर शर्यती व्हायच्या, हाही धावायचा. त्या काळी शर्यती भरवणारे लोक कधीकधी बक्षिसाचे पैसे घेऊन पसार व्हायचे, आणि प्रत्येक गावाचे नियम वेगळे. १४ डिसेंबर १९४७ला फ्रान्सने स्ट्रीमलाइन हॉटेलच्या गच्चीवरच्या बारमध्ये सगळ्यांना जमवलं. त्यातून नॅसकार ही संस्था निघाली, फेब्रुवारी १९४८मध्ये तिची कंपनी झाली. एक मुद्दा इथेच टिपून ठेवा: ही कुठली सरकारी क्रीडा संघटना नव्हती. नियम लिहिणारा आणि तिकिटं विकणारा माणूस एकच होता.

१९ जून १९४९. शार्लट. ‘स्ट्रिक्टली स्टॉक’, म्हणजे काटेकोरपणे कंपनीसारख्याच गाड्यांची पहिली शर्यत. मातीचा ट्रॅक, ३३ गाड्या. रिचर्ड पेटी यांचे वडील ली पेटी ओळखीच्याकडून आणलेली ब्युइक घेऊन उतरले आणि ती कोलांट्या खाऊन गेली. ११ वर्षांचा रिचर्ड बघत होता. घरी जायला गाडीच उरली नाही!

पहिला आला ग्लेन डनवे, फोर्ड घेऊन. शर्यतीनंतर गाडी तपासली तर मागचे पाटे बदललेले. हो, तेच हातभट्टीवाले पाटे. माल लपवायला केलेली युक्ती वळणावर गाडी स्थिर ठेवायलाही कामाची होती. डनवे बाद. बक्षीस मिळालं दुसऱ्या आलेल्या जिम रोपरला, जो कॅन्ससहून आला होता. फोर्डचा मालक कोर्टात गेला आणि हरला. नियम ठरवायचा अधिकार नॅसकारचा, हे तिथे पक्कं झालं.

मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला हा प्रसंग फार ओळखीचा वाटतो. कोणी तरी नियम लिहितो. दुसऱ्याच दिवशी कोणी तरी त्यातली फट शोधतो. मग नियम सुधारतो, मग नवी फट. स्टॉक कारचा पुढचा सगळा इतिहास हाच आहे. फक्त इथे प्रत्येक फटीतून एक गाडी बाहेर पडली.

हडसन : जिंकली आणि संपली

हडसन ही डेट्रॉइटची छोटी कंपनी. तिच्या गाडीत बसायचा भाग चासीच्या वर नव्हता, चासीच्या आत खाली उतरलेला होता. दार उघडून पायरी उतरल्यासारखं आत जायचं. त्यामुळे गाडीचं वजन जमिनीजवळ. वळणावर बाकीच्या उंच गाड्या डोलायच्या, तेव्हा हॉर्नेट चिकटून जायची. इंजिन सहा सिलिंडरचंच, पण पाच लिटरचं.

१९५२मध्ये हडसनने ३४ पैकी २७ शर्यती जिंकल्या. १९५१, १९५२, १९५३, तिन्ही वर्षं चॅम्पियन हडसनचा चालक. कंपनीने शर्यतीत कामाला येतील असे दणकट सुटे भाग अधिकृत यादीत घातले, म्हणजे नियमाने ते ‘स्टॉक’ झाले. एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटरची जोडी तुम्हीही पैसे देऊन बसवून घेऊ शकत होता.

मग सोमवारी काय झालं? काही नाही. लोकांना नव्या दिसणाऱ्या, स्वस्त व्ही-८ गाड्या हव्या होत्या, आणि हडसनकडे नवं मॉडेल काढायला पैसा नव्हता. १९५४मध्ये कंपनी नॅश या कंपनीत मिसळून गेली, १९५७मध्ये नावही पुसलं गेलं. सिनेमातला डॉक जिंकलेले कप गॅरेजमध्ये धूळ खात ठेवतो ना, ती गोष्ट कंपनीचीही आहे. रविवार तिचे, सोमवार दुसऱ्यांचे.

वेंडेल स्कॉटचा रविवार

आता एक रविवार असा, ज्यात सोमवारचा प्रश्नच आला नाही.

वेंडेल स्कॉट, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल गावचा. तोही हातभट्टीचा माल पळवत गाडी शिकला. फरक एवढाच की तो कृष्णवर्णीय होता, आणि हा काळ अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद कायद्याने चालत होता तेव्हाचा. त्याच्यामागे कुठल्याही कंपनीचा कारखाना नव्हता. जुनी गाडी, वापरलेले सुटे भाग, स्वतःच मेकॅनिक, मदतीला मुलं.

१ डिसेंबर १९६३, रविवार. फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल. स्कॉट सगळ्यांच्या पुढे होता, पण झेंडा दाखवला गेला बक बेकर या गोऱ्या चालकाला. कपही त्यालाच. प्रेक्षक घरी गेल्यावर, काही तासांनी, अधिकाऱ्यांनी मान्य केलं की फेऱ्या मोजण्यात चूक झाली, स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढे होता. बक्षिसाचे पैसे मिळाले. कप बेकर घेऊन गेला होता. ही ‘चूक’ होती हे स्कॉट कुटुंबाने कधी मान्य केलं नाही.

स्कॉट १९९०मध्ये गेला. २०१५मध्ये नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं. आणि त्या शर्यतीचा कप कुटुंबाच्या हातात दिला गेला ऑगस्ट २०२१मध्ये. ५८ वर्षांनी. त्यानंतर दोनच महिन्यांत बबा वॉलेस टॅलाडेगाला जिंकला. सर्वोच्च पातळीवर जिंकणारा स्कॉटनंतरचा पहिला कृष्णवर्णीय चालक. पावसामुळे ती रविवारची शर्यत सोमवारी झाली होती.

एका पाट्यासाठी पहिल्या विजेत्याला बाद करणारी ही संस्था. गाडी बघताना तिची नजर इतकी तीक्ष्ण, आणि माणूस मोजताना दोन फेऱ्या हरवतात. नियमाबद्दल बोलताना हेही बोलायलाच हवं, म्हणून हा भाग मधेच घेतला. ‘कार्स’च्या तिसऱ्या भागात रिव्हर स्कॉट नावाची जुनी गाडी आहे, ती याच्यावरून. तिच्या शेजारचा ज्युनिअर मून म्हणजे आपला ज्युनिअर जॉन्सन.

‘आधी लोकांना विका, मग शर्यतीत आणा’

१९५९मध्ये बिल फ्रान्सने डेटोनाला नवा ट्रॅक बांधला. चार किलोमीटरची एक फेरी आणि वळणावर ३१ अंशांचा उतार. जत्रेतला ‘मौत का कुआँ’ आठवा, त्याचं अवाढव्य रूप. आता ब्रेक न मारता वळता येणार होतं. म्हणजे जिंकायला लागणार ताकद.

क्रायस्लर कंपनीने १९६४मध्ये ४२६ हेमी इंजिन आणलं. हेमी म्हणजे अर्धगोल. सिलिंडरच्या डोक्यावरची पोकळी उलट्या करवंटीसारखी गोल, त्यामुळे मोठे व्हॉल्व्ह बसतात आणि हवा एका बाजूने येऊन समोरून सरळ निघून जाते. आकार सात लिटर. मारुती ८०० सारख्या गाडीची जवळपास नऊ इंजिनं एकत्र बांधा, एवढा. त्या वर्षीच्या डेटोना ५००मध्ये पहिले तिन्ही क्रमांक हेमीचे, पहिला रिचर्ड पेटी.

स्पर्धक कंपन्यांची तक्रार रास्त होती: हे इंजिन शोरूममध्ये कुठे मिळतं? मग ते स्टॉक कसं? १९६५मध्ये फ्रान्सने हेमी बंद केलं. क्रायस्लर रागावून त्या मोसमातला बराच काळ बाहेर बसली. आणि १९६६मध्ये आली ती ‘स्ट्रीट हेमी’ घेऊन. तेच इंजिन थोडं मवाळ करून, कागदावर ४२५ हॉर्सपॉवर, साध्या दिसणाऱ्या प्लिमथ आणि डॉज गाड्यांत. घ्या, आता मिळतं शोरूममध्ये!

आज लोक ज्या इंजिनाची पूजा करतात ते ग्राहकाने मागितलं होतं म्हणून रस्त्यावर आलं नाही. नियमाने अट घातली म्हणून आलं.

पंखवाल्या गाड्या

पुढची फट हवेत सापडली. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास इंजिनाची बरीचशी ताकद फक्त हवा बाजूला सारण्यात जाते. १९६८ची डॉज चार्जर दिसायला सुंदर, पण पुढची जाळी आत बसलेली, मागची काच खोलात. हवा तिथे अडकायची, गाडी उचलली जायची. डॉजने जाळी पुढे आणली, काच सपाट केली आणि नाव ठेवलं चार्जर ५००. का ५००? कारण किमान ५०० गाड्या बनवल्या तरच नॅसकार तिला स्टॉक मानायचं.

फोर्डने उत्तर दिलं टोरिनो टॅलाडेगाने. लांब, उतरतं नाक. गाडीच्या दोन्ही कडांचा खालचा पत्रा असा वळवला की शर्यतीची गाडी नियम न मोडता जमिनीच्या आणखी जवळ आणता येईल. फेब्रुवारी १९६९मध्ये डेटोना ५०० जिंकली फोर्डनेच. त्या गाडीचा मालक कोण होता? ज्युनिअर जॉन्सन. पोलिसांना चकवायचा तो अनुभव वाया गेला नव्हता.

मग क्रायस्लरने क्षेपणास्त्रांच्या कामातून आलेले अभियंते बसवले आणि चार्जर डेटोना तयार केली. पुढे फूट-दीड फुटाचं टोकदार नाक, मागे दोन फुटांच्या आसपास उंच पंख. तो पंख एवढा उंच का, याचं एक कारण असं सांगतात की डिकीचं झाकण उघडायला हवं. शेवटी गाडी लोकांना विकायची होती ना! एकूण ५०३ बनवल्या. नियमापेक्षा फक्त तीन जास्त. मार्केटिंगवाल्याचा हा आकडाच नव्हे, परीक्षेत काठावर पास होणाऱ्याचा आकडा आहे.

ही गाडी पहिल्यांदा उतरली १४ सप्टेंबर १९६९ला, टॅलाडेगा या नव्या ट्रॅकवर. सरावातच कळलं की हा वेग टायर झेलत नाहीत, ते फाटतायत. रिचर्ड पेटी यांच्या नेतृत्वाखाली बहुतेक मोठ्या चालकांनी बहिष्कार टाकला आणि सामान बांधून निघून गेले. फ्रान्सने उरलेल्यांना घेऊन शर्यत भरवलीच. जिंकली डेटोना, चालक रिचर्ड ब्रिकहाऊस. नियम लिहिणारा आणि तिकिटं विकणारा एकच असला की काय होतं ते इथे दिसतं.

पेटी त्या वर्षी फोर्डकडे गेले होते. त्यांना परत आणायला प्लिमथने १९७०मध्ये आपली पंखवाली काढली, सुपरबर्ड. आता नॅसकारने अट वाढवली होती: हजार गाड्या किंवा दर दोन डीलरमागे एक, जे जास्त असेल ते. म्हणून सुमारे १,९०० सुपरबर्ड बनल्या. मागच्या काचेभोवतीचं जोडकाम घाईत ओबडधोबड राहिलं, ते झाकायला सगळ्यांच्या टपावर रेक्झिनसारखं आवरण चिकटवलं. हॉर्न मात्र कार्टूनमधल्या रोडरनरसारखा ‘बीप बीप’.

ट्रॅकवर ती जिंकली. १९७०ची डेटोना ५०० पेटींच्या संघातल्या पीट हॅमिल्टनने सुपरबर्डमधून घेतली. २४ मार्च १९७०ला बडी बेकरने, वर आलेल्या बक बेकरच्या मुलाने, टॅलाडेगाला डॉज डेटोनातून ताशी २०० मैलांची, म्हणजे ३२२ किलोमीटरची मर्यादा ओलांडली. बंद ट्रॅकवरच्या फेरीत हे पहिल्यांदाच घडलं.

आणि सोमवारी? सुपरबर्ड शोरूममध्ये पडून राहिल्या. घरातल्या किराण्यासाठी एवढं नाक आणि एवढा पंख कोणाला हवाय? काही डीलरांनी तर नाक-पंख काढून साधी गाडी म्हणून विकल्या. आज त्याच घराण्यातल्या हेमीवाल्या गाड्या लिलावात दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्यात.

मग ही साखळी तुटली कुठे?

१९७१मध्ये नॅसकारने पंखवाल्यांना छोट्या इंजिनाची अट घातली आणि त्या संपल्या. पाठोपाठ प्रदूषणाचे नियम, महागलेला विमा, १९७३चं तेलसंकट. ऐंशीच्या दशकात शेवटचा झटका आला: १९८६ची शेव्रोले मॉन्टे कार्लो एअरोकूप. हवेसाठी मागची काच इतकी उतरती केली की डिकीचं झाकण एखाद्या फळीएवढं उरलं. पहिल्या वर्षी किती बनवल्या? २००. कारण तेव्हाचा नियम २००चा.

१९८७मध्ये बिल एलियटने टॅलाडेगाला ताशी २१२.८०९ मैलांची फेरी काढली. त्याच आठवड्यात बॉबी ॲलिसनची गाडी हवेत उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. पुढच्या वर्षी मोठ्या ट्रॅकवर इंजिनाची हवा रोखणारी छिद्रांची पट्टी बसली. वेगाला मुद्दाम बूच.

इकडे रस्त्यावरच्या गाड्या पुढची चाकं ओढणाऱ्या, सहा सिलिंडरच्या होत गेल्या. शर्यतीतल्या मागची चाकं ढकलणाऱ्या व्ही-८च राहिल्या. १९९८मध्ये फोर्ड टॉरस शर्यतीत आली तेव्हा शोरूममध्ये तिला चार दारं होती आणि ट्रॅकवर जणू दोन दारांची. २००१मध्ये डेल अर्नहार्ट डेटोनाच्या शेवटच्या फेरीत गेला, आणि सगळ्यांसाठी एकसारखी, जास्त सुरक्षित गाडी बनवायचं काम जोरात सुरू झालं. २००७मध्ये ती आली. आता हेडलाइट म्हणजे स्टिकर. याला मी नावं ठेवणार नाही, त्या सुरक्षेने माणसं वाचलीत.

पण ‘स्टॉक’ शब्दाचं काय उरलं? आपल्याकडे शोरूममध्ये मिळणारी टोयोटा कॅम्री हायब्रिड आहे, अगदी गुपचूप चालते. नॅसकारमध्ये त्याच नावाची गाडी व्ही-८चा गडगडाट करत पळते. दोघींत सामाईक काय, तर नाव आणि थोडा चेहरा.

म्हणून मला ते प्रसिद्ध वाक्य अर्धवट वाटतं. हडसन जिंकली आणि बुडाली. सुपरबर्ड जिंकली आणि धूळ खात पडली. स्कॉट जिंकला आणि कप दुसऱ्याने नेला. रविवारच्या विजयाने सोमवार आपोआप येत नाही. त्या वेड्या गाड्या रस्त्यावर आल्या त्या नियमपुस्तकातल्या एका आकड्यामुळे: ५००, मग हजार, मग २००. ‘जे शर्यतीत आणाल ते आधी सामान्य माणसाला विका,’ एवढी एक ओळ होती तोवर कंपन्यांना आपलं सगळ्यात भारी काम लोकांच्या हातात द्यावं लागत होतं. ती ओळ सैल झाली आणि आपल्या वाट्याला स्टिकर आले.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुठली गाडी ‘रेसिंग एडिशन’ म्हणून लाल पट्टे लावून समोर आली, तर एकच प्रश्न विचारा: यातलं शर्यतीसाठी बनवलेलं नेमकं काय मला मिळतंय? उत्तर पट्टे एवढंच असेल, तर पट्ट्यांचे पैसे किती ते आधी बघा.

आजच्यापुरतं एवढंच. गाड्यांचं वेड असलेल्या एखाद्या मित्राला हा एपिसोड नक्की पाठवा, आणि ‘कार्स’ पुन्हा बघणार असाल तर या वेळी डॉककडे जरा नीट बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि हो, गाडी सावकाश चालवा!